विकतच्या शांततेचा जमाखर्च

दिवाळीची खरेदी आणि घरातली चर्चा या दोन गोष्टी आपल्याकडे बरोबरच सुरू होतात. कपडे, फराळाचे सामान, आकाशकंदील यांवर लवकर एकमत होते. पण हल्ली पुष्कळ घरांत यादीच्या तळाशी एक नवी वस्तू लिहिली जाते आणि चर्चा तिथे अडते. ही वस्तू म्हणजे बाहेरचा गोंगाट नाहीसा करणारे बिनतारी इयरबड्स. शेंगदाण्याहून थोड्या मोठ्या दोन गुटिका, त्या ठेवायची एक गुळगुळीत डबी, आणि चांगल्यापैकी घ्यायचे म्हटले तर किंमत वीस-पंचवीस हजार रुपये! मुलगा म्हणतो, ‘याशिवाय काम होत नाही.’ आई म्हणते, ‘एवढ्यात सोन्याची कर्णफुले आली असती.’ वडील काहीच बोलत नाहीत. ते वर्तमानपत्राच्या आड जातात.

मी मराठी शिकवतो, यंत्रविद्या नव्हे. परंतु आवाज हा भाषेचा कच्चा माल आहे, आणि बोलण्याच्या व्यवहारात ऐकण्याचा वाटा निम्मा आहे. तेव्हा कानांत घालायच्या वस्तूबद्दल चार शब्द लिहिण्याचा मला थोडा तरी अधिकार आहे, असे मी समजतो.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. शांततेची ही ओढ म्हणजे तरुण पिढीचे चोचले नव्हेत. आपल्या देशात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ज्यांच्या खिडक्या हमरस्त्यावर उघडतात, किंवा ज्यांच्या शेजारी जुनी इमारत पाडून नवी उभी राहत आहे, त्यांना हे आकडे परीकथेतले वाटतील. जी गोष्ट सर्वांना फुकट मिळायला हवी होती ती विकत घेण्याची पाळी आली, हे खरे दुखणे आहे. आणि दुखणे आहे तिथे औषधाचे दुकान निघायचेच.

आता हे औषध काम कसे करते ते पाहू. प्रत्येक गुटिकेत बारीक मायक्रोफोन असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात आणि आतली यंत्रणा क्षणार्धात त्याच्या नेमकी उलट लहर तयार करून कानात सोडते. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर बसला की दोन्ही लाटा एकमेकींना गिळून टाकतात. ही युक्ती नवी नाही. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिच्याबद्दल १९३६ सालीच अमेरिकेत पेटंट मिळाले होते. पण त्या काळची साधने अपुरी असल्यामुळे कल्पना कागदावर राहिली.

ती कानापर्यंत आणण्यात मोठा वाटा एका बंगाली माणसाच्या मुलाचा आहे, ही आपल्याला कौतुकाची गोष्ट. अमर बोस यांचे वडील इंग्रजी राजवटीच्या रोषामुळे कलकत्ता सोडून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक. मुलगा तेथील एम. आय. टी. या विख्यात संस्थेत प्राध्यापक झाला. १९७८ साली युरोपातून परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनमधून संगीताऐवजी इंजिनाचाच आवाज अधिक ऐकू येतो हे पाहून त्यांनी प्रवासातच या प्रश्नाचे गणित मांडायला घेतले. पुढे १९८९ साली वैमानिकांसाठी आणि २००० साली सामान्य ग्राहकांसाठी त्यांच्या कंपनीचे हेडफोन निघाले. बिनतारी गुटिकांच्या रूपात हा प्रकार घरोघरी माहीत झाला तो २०१९ पासून, सोनी आणि ॲपल यांच्या त्या वर्षीच्या मालामुळे.

हे यंत्र सगळे आवाज सारखेच पुसते असा मात्र पुष्कळांचा समज असतो आणि तो बरोबर नाही. कोणते आवाज पुसले जातात हे समजायला मराठी भाषा फार उपयोगी पडते. घरघर, गुरगुर, घोंघावणे हे शब्द उच्चारून पाहा. जाड, एकसुरी, लांबत जाणारे आवाज! आता खणखण, टणटण, कडकड, ठकठक म्हणून पाहा. बारीक, तुटक, अवचित येणारे आवाज! आपल्या पूर्वजांनी कानाने केलेली ही वर्गवारी यंत्राच्या बाबतीत जवळजवळ तंतोतंत लागू पडते. ‘घरघर’ वर्गाचे हे यंत्र वैरी आहे. पंखा, एसी, बस, विमानाचे इंजिन यांचा आवाज ते अलगद काढून घेते. कारण जाड आवाजाची लहर लांबलचक असते (सेकंदाला शंभर कंपने असणाऱ्या आवाजाची लहर सुमारे साडेतीन मीटर भरते) आणि पुढच्या क्षणी काय येणार याचा अंदाज करता येतो. ‘खणखण’ वर्गापुढे मात्र त्याचे फारसे चालत नाही. तिथे लहर आखूड, आणि येण्याचा नेम नाही. पडलेले भांडे, मोटारीचा हॉर्न, फटाका यांना अडवते ते मुख्यतः गुटिकेच्या टोकाचे सिलिकॉनचे टोपण. म्हणजे कापसाच्या बोळ्याचा सुधारलेला अवतार.

माणसाचे बोलणे या दोन वर्गांच्या मध्ये पडते. ते मंदावते, पण नाहीसे होत नाही. शेजारचे भांडण ऐकू येऊ नये म्हणून जो हे इयरबड्स घेईल त्याची निराशा होईल. भांडण चालू आहे हे कळते, शब्द तेवढे कळत नाहीत. आणि अर्धवट ऐकू येणाऱ्या भांडणाचा त्रास पूर्ण ऐकू येणाऱ्या भांडणाहून अधिक असतो, हे अनुभवी वाचकांना सांगायला नको.

आता जमेची बाजू. सर्वांत मोठी जमा आहे ती खुद्द कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला हीच मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. गर्दीच्या बसमध्ये साधे इयरफोन लावणारा माणूस काय करतो? बाहेरच्या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेतो. घरघरच गेली तर तेच गाणे हळू आवाजात सुखाने ऐकू येते. अर्थात आवाज कमी करण्याचे काम शेवटी बोटाने करायचे आहे. घरघर गेल्यावरही जो तो चढाच ठेवील त्याला यंत्र वाचवू शकत नाही. दुसरी जमा प्रवासाची आणि एकाग्रतेची. लांबच्या प्रवासातून उतरताना डोके जड होत नाही, आणि एका खोलीत टीव्ही चालू असताना दुसऱ्या खोलीत अभ्यास होऊ शकतो. लहान घरात ही गोष्ट लहान नाही.

खर्चाची पहिली बाब किंमत. पण ती दुकानातल्या चिठ्ठीवर दिसते तेवढीच नाही. एकदा चार्ज केलेले इयरबड्स साधारण पाच-सहा तास चालतात. डबीतून त्यांना पुन्हा वीज मिळते. परंतु आतली इवलीशी लिथियम बॅटरी काही शेकडो वेळा भरली-रिकामी झाली की थकते. रोज वापरणाऱ्याला दोन-तीन वर्षांत हा थकवा जाणवू लागतो, आणि बहुतेक गुटिका अशा चिकटवून बंद केलेल्या असतात की बॅटरी बदलता येत नाही. आमच्या लहानपणी ट्रान्झिस्टर बिघडला तर कोपऱ्यावरचा रेडिओवाला तो उघडून डाग द्यायचा आणि रेडिओ आणखी पाच वर्षे गायचा. इथे कोपऱ्यावरच्या माणसाचा इलाज चालत नाही. युरोपीय संघाने २०२३ साली कायदा करून ठरवले की फेब्रुवारी २०२७ पासून अशा लहान उपकरणांतल्या बॅटऱ्या ग्राहकाला बदलता यायला हव्यात. त्याचा लाभ आपल्यालाही मिळाला तर उत्तमच.

तोपर्यंत हिशेब असा मांडावा. पंचवीस हजारांची वस्तू तीन वर्षे टिकली, तर रोज वापरणाऱ्याला ती दिवसाला सुमारे तेवीस रुपयांना पडते. महिन्यातून दोनदा वापरणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी साडेतीनशे रुपये पडतात! पहिल्याने ती जरूर घ्यावी. दुसऱ्याने तीन-पाच हजारांची घ्यावी, किंवा औषधांच्या दुकानात मिळणारी फोमची बोंडे घ्यावीत. ती नीट बसवली तर झोपेपुरते काम चोख करतात आणि त्यांना चार्जही करावे लागत नाही.

दुसरी बाब शरीराची. कित्येकांना कानात दाब आल्यासारखे वाटते, कित्येकांना खाज सुटते. शिवाय कान बंद झाला की आपल्याच शरीराचे आवाज मोठे होतात. खात्री करायची असेल तर या दिवाळीत इयरबड्स घालून एक चकली खाऊन पाहावी. डोक्यात गिरणी सुरू झाल्याचा भास होईल. तिसरी बाब जिवाची आहे आणि तिथे विनोद नाही. रस्ता, रेल्वेचे रूळ आणि दुचाकी या तीन ठिकाणी कान हाच मागचा डोळा असतो. तिथे गुटिका डबीत हव्यात. बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय महागड्या इयरबड्समध्ये असते खरी, पण तिच्या भरवशावर रूळ ओलांडू नयेत.

चौथी बाब कोणत्याच जाहिरातीत नसते. माझी भाची ठाण्याला दोन खोल्यांच्या घरात राहून परदेशी कंपनीचे काम करते. इयरबड्स नसते तर तिला ही नोकरी घरून करता आली नसती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. घरात तिची आजी असते, वय ऐंशीच्या पुढे. आजी आधी दोनदा हाक मारीत, मग तीनदा. मग काठी घेऊन दारापर्यंत येऊ लागल्या. पुढे त्यांनी हाक मारणेच सोडून दिले. पाणी हवे असले तरी नातीचे काम संपेपर्यंत त्या थांबत. एकदा भाची मला म्हणाली, ‘मामा, आजी हल्ली किती शांत झाली आहे!’ माझी बहीण तिथेच पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, ‘सासूबाई शांत नाही झाल्या गं, गप्प झाल्या आहेत.’

‘शांत’ आणि ‘गप्प’ यांतला फरक मी वर्गात अनेकदा समजावून दिला असेल. पण इतक्या थोडक्यात कधीच नाही. भाची शहाणी मुलगी आहे. तिने दुसऱ्याच दिवशी दिवा लागणारी बिनतारी बेल आणली. बटण आजीच्या उशाशी आणि दिवा स्वतःच्या टेबलावर. शिवाय सहा वाजले की गुटिका डबीत, असा तिने नियम केला. नोकरी चालू आहे, आणि आजीही पुन्हा बोलू लागल्या आहेत. कधीकधी जरा जास्तच, असे भाचीचे म्हणणे आहे!

तेव्हा घ्यावेत की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर असे: ज्याचे रोजचे काही तास खरोखर गोंगाटात जातात त्याने घ्यावेत, आणि त्या तासांपुरतेच घालावेत. छत्री आपण पावसात उघडतो आणि उंबरठ्याशी मिटतो. उघडी छत्री घेऊन कोणी माजघरात वावरत नाही. खरेदीपूर्वी टोपणे आपल्या कानात नीट बसतात का ते पाहावे, बॅटरी थकल्यावर कंपनी काय करते ते विचारावे, आणि एक गुटिका हरवली तर एकटी मिळते का, कितीला मिळते, हेही विचारून घ्यावे. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, पण तो दुकानदाराला नव्हे, घरातल्यांना विचारायचा आहे: मी हे घातले असताना तुम्ही मला हाक कशी माराल? त्याचे उत्तर मिळाले की खुशाल पैसे मोजावेत.