गोळी चालू ठेवायची तर

थकवा जात नाही, डाव्या बरगडीखाली जड वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. साध्या सीबीसीत पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजारांच्या जागी लाखाच्या वर निघतात. पोट तपासल्यावर पाणथरी वाढलेली लागते. मग पुढच्या काही दिवसांत निदान हातात पडतं : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल. रक्ताच्या कर्करोगाचा हा सावकाश वाढणारा प्रकार. पाश्चात्त्य देशांत तो बहुतेक साठीच्या आसपास दिसतो. आपल्याकडचे बरेच रुग्ण तिशी-चाळिशीतले असतात, म्हणजे ज्यांच्या घराचे हप्ते चालू आहेत आणि मुलं अजून शाळेत आहेत असे.

उपचार म्हणून यातल्या बहुतेकांना एक गोळी मिळते. इमॅटिनिब, साधारणपणे ४०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. सलाईन नाही, दवाखान्यात राहणं नाही, केसही बहुधा जात नाहीत. ही गोळी येण्याआधी निदानानंतरचं आयुष्य बहुतेकांच्या बाबतीत काही थोड्या वर्षांचं असे. गोळीवर झालेल्या ‘आयरिस’ या मोठ्या चाचणीत, या गोळीने उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. सीएमएलमध्ये असा पल्ला पूर्वी कोणी पाहिला नव्हता. पण ही वर्षं मिळतात ती गोळी रोज पोटात जात असेल तर, आणि तिथेच माणसं अडखळतात. त्याबद्दल दवाखान्यात फार कमी बोललं जातं.

आधी गोळी काय करते ते पाहू, कारण त्रासाचं मूळही तिथेच आहे. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. ज्या शहरात ते सापडलं त्यावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. १९७३ मध्ये जॅनेट रॉली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी गेलेले असतात. या अदलाबदलीत दोन जनुकं एकमेकांना जोडली जातात आणि बीसीआर-एबीएल नावाचं एक प्रथिन तयार होतं. पेशीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप देणारं हे प्रथिन, दाबलेलं बटण आत अडकून बसावं तसं सतत चालूच राहतं. त्याला काम करायला एटीपी नावाचा ऊर्जेचा रेणू लागतो आणि तो बसायला प्रथिनात एक खाच असते. इमॅटिनिब नेमकं त्या खाचेत जाऊन बसतं. निरोप थांबतो आणि बिघडलेल्या पेशी मरू लागतात. निकोलस लायडन आणि ब्रायन ड्रुकर यांच्या कामातून पुढे आलेल्या या औषधाला अमेरिकेत मे २००१ मध्ये मान्यता मिळाली.

यात एक गोष्ट रुग्णाने नीट समजून घ्यावी. गोळी जोडलेलं जनुक सुटं करत नाही, ती फक्त खाच अडवून धरते. रक्तातलं इमॅटिनिबचं प्रमाण साधारण अठरा तासांत निम्म्यावर येतं, म्हणून रोजची गोळी रोज लागते. एखादा दिवस चुकला तर घाबरायचं कारण नाही आणि दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घ्यायच्याही नाहीत. पण चुका साठत जातात. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ८७ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात ते उघडल्याची नोंद करणारी चिप बसवली होती. ज्यांनी ९० टक्क्यांपेक्षा जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजार खोलवर आटोक्यात येण्याची शक्यता ९४ टक्क्यांहून अधिक होती. ९० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८ टक्क्यांच्या आसपास निघाली. ९० टक्के म्हणजे महिन्यातल्या तीन गोळ्या चुकणं. इतक्या छोट्या फरकाचा एवढा मोठा परिणाम होतो.

आता या गोळ्या का चुकतात? विसरणं हे एक कारण. दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, म्हणजे त्रास. ओपीडीत डॉक्टर विचारतात, “काही त्रास?” रुग्ण म्हणतो, “नाही डॉक्टर, बरंय.” बाहेर पडल्यावर बायको म्हणते, “अहो, रात्री पायात गोळे येतात ते का नाही सांगितलंत?” “अगं, जीव वाचतोय ना, मग एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं!” हा संवाद अनेक घरांत होतो. पुढे लग्नकार्य आलं, लांबचा प्रवास आला की तो माणूस चार दिवस गोळी बंद ठेवतो. बरं वाटतं. मग पुन्हा बंद ठेवतो, आणि हे कोणालाच सांगत नाही. जो त्रास सांगितला जातो त्यावर बहुतेक वेळा काहीतरी करता येतं. सहन केलेला त्रास मात्र शेवटी गोळीच बंद पाडतो.

हे त्रास होतात कसे, तर इमॅटिनिब त्या एकाच प्रथिनाची खाच अडवत नाही. किट आणि पीडीजीएफआर अशा, शरीराला नेहमीच्या कामासाठी लागणाऱ्या इतर प्रथिनांनाही ते थोडंफार अडवतं. त्यामुळे सूज, त्वचेचा बदललेला रंग, पोटाच्या तक्रारी यांतलं बरंचसं औषधाच्या मूळ कामाचंच दुसरं टोक आहे. रुग्णाच्या प्रकृतीचा किंवा मनाचा तो दोष नव्हे.

मळमळ सगळ्यात सोपी आहे, कारण ती बरीचशी गोळी घेण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. इमॅटिनिब पोटाच्या आतल्या अस्तराला बोचतं. म्हणून ते दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावं. चहा-खारीवर घेतलेली गोळी हमखास त्रास देते. गोळी घेऊन लगेच आडवं होऊ नये, तास-दोन तास जाऊ द्यावेत. गिळायला जड जात असेल तर ४०० मिलिग्रॅमची गोळी पेलाभर, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर पाण्यात टाकून चमच्याने ढवळावी, विरघळली की लगेच प्यावी, आणि तळाशी उरलेल्या गाळात थोडं पाणी घालून तेही प्यावं. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम तिच्याकडे देऊ नये. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचे तांदूळ पोटभर खाऊन गोळी घेतली तरी चालतं. निर्जळी एकादशी मात्र या औषधाबरोबर जमत नाही, आणि हे घरातल्या मोठ्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेलं बरं.

गोळे येणं, वांब येणं हा सगळ्यात कमी सांगितला जाणारा त्रास. पोटऱ्या, तळपाय, हाताची बोटं. भाकरी थापताना बोटं आखडतात आणि उकलत नाहीत, पहाटे पोटरी दगडासारखी होते. त्या क्षणी पाय सरळ करून चवडा हाताने स्वतःकडे ओढून धरला की गोळा सुटतो. झोपण्याआधी पोटऱ्यांना असाच ताण द्यावा, दिवसभर पाणी पुरेसं प्यावं. एवढ्याने भागलं नाही तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस तपासून घ्यावं. इमॅटिनिबवर हे क्षार कमी होऊ शकतात आणि ते भरून काढल्यावर काहींना फरक पडतो. त्यांच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणून सुरू करू नयेत.

सूज बहुधा डोळ्यांभोवती येते, सकाळी उठल्यावर जास्त आणि दुपारपर्यंत उतरणारी. पापड, लोणचं, फरसाण कमी करावं, उशाला एक उशी जास्त घ्यावी. आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी आणि साधारण तशाच कपड्यांत वजन करून कॅलेंडरवर लिहावं. वजन भराभर वाढलं, पाय सुजले किंवा जिना चढताना दम लागू लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी फोन करावा. कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागात लाल रक्ताचा डाग उठतो. तो भीतिदायक दिसतो, पण नजर ठीक असेल आणि दुखत नसेल तर सहसा आपोआप जातो. तरी प्लेटलेट बघून घ्याव्यात.

त्वचेचा रंग उजळणं हा आपल्याकडे ठळक दिसणारा परिणाम. नातेवाईक कौतुकाने म्हणतात, “गोरी झालीस गं!” तिला मात्र आरशातला चेहरा आपला वाटत नाही. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींना किट हे प्रथिन लागतं आणि गोळी तेच अडवते, म्हणून हे होतं. ते धोक्याचं नाही. उन्हात मात्र डोकं आणि हात झाकावेत. अंगावर पुरळ उठून बरोबर ताप आला किंवा तोंडात फोड आले, तर लगेच दवाखाना गाठावा.

पहिल्या काही महिन्यांत रक्तातल्या पेशी खाली जाऊ शकतात. बिघडलेल्या पेशी मरतात आणि चांगल्यांना मज्जेत जागा भरून काढायला वेळ लागतो. म्हणूनच सुरुवातीला सीबीसी वरचेवर करतात. आकडे फार उतरले तर डॉक्टर काही दिवस गोळी थांबवून पुन्हा सुरू करतात. हे थांबवणं ठरवून, आकडा पाहून केलेलं असतं. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर त्या दिवसांत घरी पॅरासिटामॉल घेऊन बसू नये.

इतर औषधांची गाठ हा वेगळा धोका आहे आणि तो बऱ्याचदा शेजारच्या मेडिकलमधून येतो. इमॅटिनिब यकृतातल्या एका विशिष्ट एन्झाइममुळे मोडलं जातं. गजकर्णासाठी सर्रास दिलं जाणारं इट्राकोनाझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक त्या एन्झाइमला रोखतात आणि रक्तातलं इमॅटिनिब वाढतं. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच जातकुळीतलं पपनस खाऊ नये, कारण तेही हेच करतात. उलट क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि आकडीवरची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन ही औषधं इमॅटिनिबचा परिणाम उतरवतात. गुळवेलीचा काढा ‘निरुपद्रवी’ म्हणून घेतला जातो. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. ज्या यकृतावर आधीच औषधाचा भार आहे त्याला हा धोका कशाला द्यायचा? हिपॅटायटिस बीची तपासणी उपचाराआधीच करून घ्यावी, कारण शरीरात दडलेला तो विषाणू या औषधांवर पुन्हा डोकं वर काढू शकतो. पाकिटात गोळीचं नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि कुठल्याही डॉक्टरसमोर, दाताच्या डॉक्टरसमोरसुद्धा, ती आधी काढावी. मूल हवं असलेल्या बाईने गर्भ राहण्याआधीच याबद्दल बोलावं, कारण इमॅटिनिब गर्भाला धोकादायक आहे.

दर तीन महिन्यांनी होणारी बीसीआर-एबीएल पीसीआर ही तपासणी गोळीचं काम मोजते. रिपोर्टात टक्क्यांत एक आकडा असतो आणि त्यापुढे ‘आयएस’, म्हणजे आंतरराष्ट्रीय मोजपट्टी, असं लिहिलेलं असतं. तीन महिन्यांत १० किंवा खाली, सहा महिन्यांत १ किंवा खाली, वर्षभरात ०.१ किंवा खाली, अशी अपेक्षा असते. एकदा ०.०३ आणि पुढच्या वेळी ०.०६ आलं म्हणून झोप उडवून घेऊ नये, तपासणीत तेवढं वर-खाली होतं. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासावं. आकडा ०.१ च्या वर जाऊ लागला तर डॉक्टर आधी विचारतात, गोळ्या चुकल्या का. तेव्हा खरं सांगावं. नाहीतर गरज नसताना औषध बदललं जातं.

औषध खरंच बदलावं लागलं तर जुने नियम विसरायचे. इमॅटिनिब भरल्या पोटी, तर निलोटिनिब रिकाम्या पोटी : आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. डॅसाटिनिब घेताना ॲसिडिटीवरचं ओमेप्राझोल घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही, आणि डॅसाटिनिबवर दम लागला तर छातीत पाणी साठलंय का ते पाहावं लागतं.

खर्चाबद्दल थोडंच सांगतो. भारतात मूळ कंपनीच्या इमॅटिनिबची, म्हणजे ग्लिव्हेकची, किंमत एकेकाळी महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होती, आणि इथल्या कंपन्यांची तीच गोळी तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी किमतीत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेकला पेटंट नाकारलं आणि स्वस्त गोळीचा रस्ता मोकळा राहिला. आज कित्येक घरांत औषध चालू आहे ते त्या निकालामुळे. तरीही स्ट्रिप संपायच्या दोन आठवडे आधीच पुढची आणून ठेवावी. गावाला किंवा वारीला जाताना गोळ्या सामानाच्या बॅगेत न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवाव्यात.

गोळी कधी थांबेल, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. काहींना थांबवता येते. काही वर्षांचा उपचार झालेला असावा, आकडा ०.०१ किंवा त्याखाली सलग दोन वर्षं तरी टिकलेला असावा, आणि पीसीआर वेळेवर करून देणारी खात्रीची प्रयोगशाळा जवळ असावी. अशांपैकी साधारण निम्म्यांत आकडा पुन्हा चढतो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच. म्हणून त्या काळात दर महिन्याला तपासणी करतात. गोळी थांबवल्यावर काहींचे सांधे आणि स्नायू काही आठवडे ते महिने दुखतात. तो आजार परतल्याचा इशारा नसतो. आकडा ०.१ च्या वर गेला की गोळी पुन्हा सुरू करतात, आणि वेळेवर सुरू केली तर जवळजवळ सगळ्यांत आजार पुन्हा आटोक्यात येतो.