घर विकताय? आधी वारसांच्या सह्या, मग एजंट

धंद्याला भांडवल लागले, मुलीचे लग्न ठरले किंवा भाऊ वेगळे निघाले की मोहल्ल्यातले जुने घर विक्रीला निघते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे तर खाली माग किंवा दुकान आणि वर बिऱ्हाड अशीच कितीतरी घरे आहेत. सुताचा भाव पैशापैशाने पाहणारा आपला कारागीर घराचा सौदा मात्र हॉटेलात चहा पिता पिता, एका दलालाच्या भरवशावर, तोंडी उरकतो. हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

एजंट कोणता निवडावा, असे वाचक विचारतात. त्याआधी आमचा प्रश्न असा की घर कोणाच्या नावावर आहे? मालमत्ता पत्रकावर बहुधा वडिलांचे, कधी आजोबांचे नाव असते. भाऊ म्हणतात, "बहिणींना लग्नात दिले, त्यांचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो शरीअतनेच ठरवून दिलेला आहे. कफन-दफनाचा खर्च, विधवेचा थकलेला मेहर व इतर कर्ज, आणि केली असल्यास वसीयत हे वजा जाऊन समजा ४८ लाखांचे घर उरले. मागे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली आहेत. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे ६ लाख. उरलेल्या ४२ लाखांत प्रत्येक मुलाला १२ लाख व प्रत्येक मुलीला ६ लाख. तिन्ही बहिणींचे मिळून १८ लाख होतात. लग्नातले दागिने व भांडी या हिशेबात कुठेच बसत नाहीत.

नमाज-रोजाला पक्के असलेले घरही येथे डोळेझाक करते, याचे आम्हांस वाईट वाटते. पण निव्वळ व्यवहार म्हणून पाहिले तरी यात तोटाच आहे. एका वारसाला फक्त आपलाच हिस्सा विकता येतो. बहिणीची सही नसेल तर घेणाऱ्याचा वकील नेमके तेथेच बोट ठेवतो, बँक कर्ज अडवते, आणि मग दलाल म्हणतो, "कागद कच्चे आहेत, भाव उतरवा." बहीण राजीखुशीने हिस्सा सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यावे. वडिलांनी तोंडी हिबा केला होता असे म्हणणे असेल तर कब्जा दिल्याचा पुरावा व साक्षीदार तयार ठेवावेत. वारसांत मयत भावाची अज्ञान मुले असतील तर त्यांच्या आईची सही पुरत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. यात महिने जातात, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

आता भाव. एजंट सांगेल तो भाव ऐकून घ्यावा, पण खुंटा आपला असावा. रेडी रेकनरचा दर हा सरकारी हिशेब झाला. खरा अंदाज शेजारच्या विक्रीवरून येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन पाहता येते. आपल्या गल्लीतले घर कितीला नोंदले गेले ते तेथे कळते. "या मोहल्ल्यात बाहेरचे गिऱ्हाईक येत नाही," हे पालुपद लावून भाव पाडणारे दलाल आपल्यातही आहेत. त्याला विचारावे, या गल्लीत अलीकडे कोणत्या बँकेने घरासाठी कर्ज दिले? कर्ज मिळत असेल तर गिऱ्हाईक वाढते आणि भावही. ज्याला याचे उत्तर देता येत नाही, तो एजंट बाजारात फिरलेला नाही असे खुशाल समजावे.

दलाली टक्क्यांत ठरवावी आणि लिहून घ्यावी. किती, केव्हा द्यायची, समोरच्याकडूनही घेणार का, हे सारे त्यात असावे. "तुम्हाला हातात किती पाहिजेत ते सांगा, वरचे माझे," असे म्हणणाऱ्याला आम्ही तरी दारात उभे करणार नाही. त्याला मग तुमचा भाव वाढवण्यात नव्हे, लपवण्यात रस असतो. मूळ कागद एजंटाकडे देऊ नयेत, छायाप्रती पुरेत. मुखत्यारपत्र तर मुळीच नको. मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले आहे. महारेरा नोंदणीची सक्ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे, जुन्या घराच्या दलालाकडे ती नसूही शकते. असली तर बरेच. पण तेवढ्यावर न थांबता त्याने व्यवहार करून दिलेल्या दोन घरमालकांशी आपण स्वतः बोलावे.

राहता राहिली रोकड. इसार म्हणून पिशवीतून नोटा घेण्याची आपल्याकडे जुनी सवय. २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार वा अधिक रक्कम रोखीने घेणे कायद्याने मना आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होतो. तो घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर पडतो, दलालावर नाही. इसार चेकने किंवा बँकेतून घ्यावा, इसारपावतीत मुदत घालावी, आणि सौदा मोडल्यास त्या रकमेचे काय हेही लिहावे. खाली माग किंवा दुकान असेल तर धंद्याच्या वीजजोडणीची थकबाकी व नाव यांचा निकाल साठेखतापूर्वीच लावावा. खरेदीखताच्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या दारात त्यावरून भाव तुटताना आम्ही पाहिले आहेत.