जुन्या जीपची नवी आसने

दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीने घडविलेल्या आणि नंतर महिंद्रांनी मुंबईत जुळणी करून रस्त्यावर आणलेल्या जीपच्या परंपरेतील एखादे वाहन पुनरुज्जीवित करताना, झिजलेल्या आसनांच्या जागी नवी बसविणे हे वरकरणी केवळ सुखसोयीचे काम भासत असले, तरी वस्तुतः तो सुरक्षिततेचा प्रश्न असतो. युद्धकालीन जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असे व गादी उचलूनच तीत इंधन भरावे लागे. तेव्हा आधुनिक मोटारीचे रुंद, उंच आसन तेथे बसविण्याचा मोह झाला, तर टाकीचे तोंड झाकले जाणार नाही, स्टिअरिंगखाली मांड्या अडकणार नाहीत आणि ब्रेक-क्लचपर्यंत पाय सहज पोचतील, याची खातरजमा आधी करावी.

आसनाखालच्या गंजलेल्या पत्र्यात कितीही घट्ट आवळलेला आसनाचा बोल्ट अपघाताच्या धक्क्याने पत्र्यासकट उपटून येऊ शकतो. म्हणून कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडावा, खालून जाड पोलादी पट्टी द्यावी, आणि वेल्डिंगची पहिली ठिणगी उडण्यापूर्वीच टाकी उतरवून दूर ठेवावी. मूळ आसनाची नळीची चौकट शाबूत असेल, तर तिच्यावर नवा फोम व कॅनव्हास चढविणे हीच तजवीज बहुधा अधिक किफायतशीर आणि इतिहासाशी अधिक इमान राखणारी ठरते.