बाळाला ऐकू येते ना?

बाळ जन्मले की त्याच्या उजव्या कानात अजान दिली जाते. त्या कानाला ऐकू येते की नाही, हे मात्र अनेक घरांत दोन-अडीच वर्षांनी कळते. तोवर दादी म्हणत असते, "याचा अब्बाही उशिराच बोलला होता."

बहिरे बाळही सुरुवातीला इतरांसारखेच रडते, हसते, हुंकार देते. शिवाय घरातली परीक्षा फसवी असते. पाळण्यामागे ताट वाजवले आणि बाळ दचकले, तर ते आवाजाने की हाताच्या सावलीने, कसे ठरवणार? काही बाळांना ताटाचा आवाज येतो, पण बोलणे ऐकू येत नाही.

म्हणून रोजचे वागणे पाहा. तीन-चार महिन्यांचे रडणारे बाळ, अम्मी दिसत नसताना, तिच्या आवाजाने शांत होते का? सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे मान वळवते का? नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत "बाबाबा, दादादा" सुरू व्हायला हवे. सुरू झालेली बडबड हळूहळू बंद पडली, तर एक दिवसही थांबू नका.

कमी वजन, तीव्र कावीळ, काचेच्या पेटीतले दिवस, मेंदुज्वर, गरोदरपणातला रुबेला यांमुळे धोका वाढतो. चुलत-मामे नात्यातल्या लग्नांमुळेही वाढतो. यात सुनेला बोल लावण्यासारखे काही नाही, डॉक्टरांना मात्र हे नाते जरूर सांगा. पण सुमारे निम्म्या बाळांमध्ये असे कोणतेच कारण आढळत नाही, म्हणून तपासणी प्रत्येकाची हवी.

पहिली तपासणी 1 महिन्याच्या आत, निदान 3 महिन्यांपर्यंत आणि श्रवणयंत्र 6 महिन्यांपर्यंत, असा जगभरचा दंडक आहे. ओएई तपासणी काही मिनिटांची आणि न दुखणारी असते. पेटीत राहिलेल्या बाळाची बेरा तपासणीही करून घ्यावी. पहिल्यांदा "पुन्हा या" म्हटले तर घाबरू नका, कानात ओल किंवा मळ असला तरी तसे होते. मात्र पुन्हा जाच.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा येते. त्यांना शंका सांगा. पुढची तपासणी लागली तर ते पाठवतात. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थाही आहे. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते.

संग्रामपूर किंवा जळगाव जामोदहून बुलढाण्याला जायचे म्हणजे दिवस मोडतो. म्हणून तपासणीचा वार आधी विचारून घ्या. बाळाला वाटेत झोपू देऊ नका, तिथे पोहोचल्यावर दूध पाजा. तपासणी शांत झोपेतच नीट होते.