वायसर भाडेकरूचा, पाइप मालकाचा

नळ ठिबकायला लागला की प्लंबर येतो, नळ खोलतो आणि दबून चपटा झालेला रबरी वायसर आपल्या हातावर ठेवतो. चहाच्या पैशात येणारी वस्तू. पण भाड्याच्या घरात हा वायसर नेमका कुणाचा, याचं उत्तर देशाच्या कायद्याच्या मसुद्यात लिहून ठेवलंय, हे वाचून मी थक्क झालो!

केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात घराची अक्षरशः वाटणी केली आहे. वायसर आणि नळ भाडेकरूने बदलायचा, पण नळापर्यंत पाणी आणणारा पाइप मालकाने. दिव्याचं बटण भाडेकरूचं, भिंतीतली वायरिंग मालकाची. खिडकी एकच, पण तिची फुटलेली काच भाडेकरूच्या खात्यात आणि तिचा रंग मालकाच्या. तुंबलेली मोरी कुणाची, हे सांगायलाच नको. यादी वरवर विक्षिप्त वाटते, पण तिच्यामागे एक हिशेब दिसतो. रोजच्या हाताळणीने झिजतं ते राहणाऱ्याचं, आणि भिंतीच्या पोटात असतं, भाडेकरू बदलले तरी तिथेच राहतं, ते मालकाचं. मात्र हा कायदा नमुन्यादाखल आहे. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो.

त्याच्या कितीतरी आधी, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने हा प्रश्न हाताळला होता. घर घेतलं तसं परत द्या, पण वापराने होणारी रास्त झीज माफ, असं त्यातलं कलम १०८ सांगतं. आग, वादळ, पूर, एवढंच काय, सैन्याच्या किंवा जमावाच्या हिंसाचाराने घर कायमचं निकामी झालं, तर करार मोडायची मुभा भाडेकरूला आहे. घरभाड्याच्या कलमात चक्क सैन्य!

महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा चालतो. त्याच्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. त्याने टाळाटाळ केली, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. फक्त वर्षाला ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापुढे जाता कामा नये.

आता हे गणित मुंबईच्या पागडीच्या चाळीत मांडून बघा. महिन्याचं भाडं शंभर रुपये धरलं, तर वर्षाचे बाराशे आणि वजावट तीनशे. तीनशे रुपयांत गवंडी जिनाही चढणार नाही, मग कुजलेली लाकडी तुळई कोण बदलणार? १९४७ च्या कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना, आणि पावसाळ्यागणिक इमारती खचत चालल्या.

म्हणून १९६९ च्या कायद्याने या दोघांच्या भांडणात सरकार तिसरा भिडू म्हणून उतरलं. मालमत्ता कराबरोबर उपकर गोळा करायचा आणि त्यातून दुरुस्ती मंडळाने शहरातल्या जुन्या इमारती सावरायच्या. सुरुवातीला अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. हे मंडळ आज म्हाडाचा भाग आहे. घरमालकाने करायची डागडुजी एवढ्या प्रमाणावर सरकारने अंगावर घ्यावी, हे मला आजही अजब वाटतं.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांचं काय? तिथे दुरुस्तीची वाटणी बहुतेक करारावरच ठरते. गळती, वायरिंग, गिझर यांचा खर्च कुणाचा, हे सहीच्या आधीच लिहून घ्या. आणि घरमालकांनो, करार नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने तुमच्यावर टाकली आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणंच ग्राह्य धरलं जातं.