चेंडू सुटला, चकती आली

राऊल ले मॅट हा अमेरिकन माणूस चित्रपटांच्या धंद्यातला. 1920च्या अँटवर्प ऑलिंपिकआधी तो स्वीडनमध्ये होता. गोठलेली तळी, स्केट्सवर वाऱ्यासारखी पळणारी पोरं… पण आइस हॉकी कुठे आहे? कुठेच नाही! तिची संघटनासुद्धा नव्हती.

होती ती बँडी. क्लॅरेन्स फोन रोसेन या उमरावाने 1895च्या सुमारास ती तिथे रुजवली आणि 1907मध्ये पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद उप्सालाच्या संघाने पटकावलं. फुटबॉलएवढं मैदान, तेही बर्फाचं. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी, हातात वाकडी काठी आणि मुठीत मावेल एवढा चेंडू. गोलरक्षकाला तर काठीही नाही. सुसाट येणारा चेंडू त्याने अंगावर नाहीतर हातांनी अडवायचा.

ले मॅटने हेरलं ते इथेच. हॉकीचा संघ समोर धावतोय, फक्त त्याला स्वतःला ते ठाऊक नाही! त्याने फुटबॉल महासंघाच्या अँटोन योहान्सन यांना गळ घातली, आणि जो खेळ देशात खेळलाच जात नव्हता त्याचा संघ ऑलिंपिकला निघाला. बर्लिनमध्ये हॉकी खेळून आलेले मोजके सोडले, तर बाकी बहुतेक बँडीवाले. प्रशिक्षक अर्थातच ले मॅट.

अँटवर्पचं रिंक 56 मीटर लांब आणि जेमतेम 18 मीटर रुंद. मोकळ्या रानात हुंदडणाऱ्याला चाळीच्या गॅलरीत पळायला लावावं, तशी गत. चेंडूऐवजी चकती, बाजूला कठडे. तरीही पहिल्याच सामन्यात त्यांनी यजमान बेल्जियमला 8-0ने लोळवलं! फ्रान्स आणि स्वित्झर्लंडही हरले. कॅनडाने मात्र 12-1 असं जमिनीवर आणलं. शेवटी चेकोस्लोव्हाकियाने 1-0ने कांस्यपदक हिरावलं. त्याच चेकोस्लोव्हाकियाने कॅनडाकडून 15 आणि अमेरिकेकडून 16 गोल खाल्ले होते. त्या स्पर्धेची पद्धतच तशी विचित्र होती.

चौथा क्रमांक घेऊन मंडळी परतली. स्वीडनच्या हॉकी विजेत्यांना आजही मिळतो तो ले मॅट करंडक. हॉकीची स्वतंत्र संघटना 1922मध्ये उभी राहिली. जिने खेळाडू पुरवले त्या बँडीची? ती आली 1925मध्ये.