कोरड्या बोअरची नोंद

बारामती किंवा इंदापूर तालुक्यात कुठेही विहीर खणायला घेतली, की माती आणि मुरूम संपल्यावर काळा पाषाण लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसॉल्ट. त्यात लोहाची ऑक्साइडे वजनाच्या साधारण दहा ते चौदा टक्के असतात. व्हॅनेडियम टनामागे तीनशे-चारशे ग्रॅम मिळते. भूखंडांच्या कवचातल्या सरासरीच्या दुपटीहून हे प्रमाण अधिक आहे. युरेनियम मात्र टनाला सहसा एक ग्रॅमही भरत नाही. नदीपात्रातल्या वाळूत लोहचुंबक फिरवला तर काळे कण त्याला चिकटतात. ते याच दगडातून सुटलेले टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाईट असते आणि दगडातले बरेचसे व्हॅनेडियमही त्यातच असते. म्हणजे लोह आहे, व्हॅनेडियम आहे, तरी इथे त्यांची खाण नाही आणि ती नसणेच योग्य आहे. खनिजाचा शोध घेणारा माणूस ‘आहे का?’ एवढे विचारून थांबत नाही. किती आहे, कोणत्या रूपात आहे, किती खोल आहे आणि काढायला काय खर्च येईल, हे तो क्रमाने मोजतो. या मोजमापातून पुष्कळदा ‘इथे नाही’ असे उत्तर येते आणि तेही जपून ठेवले जाते. या दोन तालुक्यांत जे भूगर्भधन खरोखर शोधले जाते ते पाणी. त्याच्या शोधाला मात्र ही शिस्त आपण अजून लावलेली नाही.

दगडात धातू असणे वेगळे आणि तो एका जागी साठणे वेगळे. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर हेमॅटाईटमध्ये साठ टक्क्यांहून अधिक लोह सापडते. तिथे अब्जावधी वर्षांपूर्वी लोहाचे थर वेगळे साचले आणि पुढे त्यातली सिलिका निघून जाऊन लोह आणखी दाटले. याच दख्खनच्या बेसॉल्टनेही एका ठिकाणी लोह दिले आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर प्रचंड पावसाने दगडातले इतर घटक धुऊन नेले आणि लोहाने समृद्ध जांभा मागे उरला. त्या जांभ्यातून धावड समाजाचे लोक पूर्वी लोखंड गाळत. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इतक्या पावसात जांभा तयार होत नाही. दगड झिजून काळी माती होते आणि तिच्या तळाशी चुनखडीचे खडे धरतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर समुद्राच्या लाटांनी शतकानुशतके वाळू चाळून जड काळी खनिजे एकत्र आणली. नीरा आणि कऱ्हा यांच्या पात्रांत असे चाळण्याचे काम नदीने केले, पण फार थोडे केले. म्हणून चुंबकाला चिकटणारी वाळू खनिजाची खूण ठरते, खाणीची ठरत नाही.

युरेनियमच्या शोधात हा फरक अधिक स्पष्ट दिसतो. भारतात हे काम 1949 साली सुरू झाले आणि आज ते हैदराबादेत मुख्यालय असलेल्या अणुखनिज संचालनालयाकडे आहे. गॅमा किरण मोजणारे यंत्र घेऊन आधी विस्तीर्ण प्रदेश पिंजून काढायचा. जिथे आकडा आजूबाजूपेक्षा वर जातो तिथे नमुने घ्यायचे आणि प्रयोगशाळेत तपासायचे. वाढलेला आकडा युरेनियमचा आहे, थोरियमचा आहे की पोटॅशियमचा, हे वेगळे करायचे. बारामती तालुक्यातल्या मोरगावजवळ कऱ्हेच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्या राखेतल्या काचकणांची रासायनिक घडण बेसॉल्टपेक्षा अगदी निराळी असल्याने तिचे नाते सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी जोडले गेले; तिच्या वयाबद्दल अभ्यासकांत वाद झाले. अशा सिलिकायुक्त राखेत बेसॉल्टपेक्षा युरेनियम आणि थोरियम अधिक असतात. पण थर पातळ, विस्तार तुटक आणि युरेनियमचे प्रमाण टनामागे काही ग्रॅमचे. आजूबाजूपेक्षा वेगळा आकडा आला म्हणून साठा सापडला असे होत नाही, हे शिकवायला मोरगावची राख पुरेशी आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. वरचा बेसॉल्ट रिकामा असेल, पण त्याखाली काय दडले आहे हे कुणाला ठाऊक? इंदापूरला वळसा घालून जाणारी भीमा पुढे कर्नाटकात ज्या प्राचीन खडकांच्या प्रदेशातून वाहते, त्यालाच भूशास्त्रात भीमा खोरे म्हणतात. तिथे यादगीर जिल्ह्यात गोगी येथे भेगाळलेल्या चुनखडकात युरेनियम सापडले. बेळगाव जिल्ह्यात देशनूरच्या वालुकाश्मातही ते आहे. हे खडक उत्तरेकडे बेसॉल्टखाली शिरत असतील, तर शोध का घेऊ नये? याचे उत्तर खोलीत आहे. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या छिद्रात सुमारे 340 मीटरवर बेसॉल्ट संपला. कोयनेजवळ गोठणे येथील तीन किलोमीटर खोल छिद्रात तो सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला. बारामती आणि इंदापूर हे किल्लारी आणि कोयना यांच्या मधल्या पट्ट्यात येतात, म्हणजे इथे काहीशे मीटरचे झाकण गृहीत धरावेच लागते. इतक्या जाड दगडाखालचे गॅमा किरण वर पोहोचत नाहीत. चुंबकीय मोजणीतही वरच्या बेसॉल्टचाच गोंगाट अधिक असतो. खालच्या खडकांचे ज्ञान मोलाचे आहे आणि विज्ञानासाठी छिद्रे घेतलीच पाहिजेत. पण ज्ञानासाठीचे छिद्र आणि खाणीचे आश्वासन यांची गल्लत करू नये.

अशा छिद्राचे पुढे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. हिऱ्याचे दात असलेल्या पोकळ नळीने दगडाची अखंड कांडी बाहेर काढतात. प्रत्येक कांडीवर खोली लिहून ती पेटीत ओळीने ठेवतात. मग ती उभी चिरून एक अर्धा भाग प्रयोगशाळेत जातो आणि दुसरा पुढच्या तपासणीसाठी जपला जातो. काहीच सापडले नाही तरी नोंद टाकून देत नाहीत, कारण पुढचे छिद्र कुठे घ्यायचे हे या रिकाम्या छिद्रावरूनच ठरते.

आता पाण्याकडे वळू. बेसॉल्टमध्ये पाणी सगळीकडे सारखे नसते. अखंड, टणक थर कोरडा राहतो. सच्छिद्र आणि कुजलेला थर, दोन लाव्हांच्या मधली फट, उभ्या भेगा यांत ते साठते. 1972 मध्ये स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, जमिनीत वीजप्रवाह सोडून खालच्या थरांचा अंदाज घेते. पण शिवारात जे असंख्य बोअर मारले जातात त्यांतले बहुतेक या ज्ञानाला काहीच देत नाहीत. पाणाड्या हातावर नारळ धरून जागा दाखवतो. बोअरला पाणी लागले तर त्याचे नाव होते, नाही लागले तर ती जागा विसरली जाते. फेल गेलेल्या बोअरवर दगड ठेवून शेतकरी कर्ज फेडत राहतो. कोणत्या खोलीला तांबडी माती लागली, कुठे दगड बदलला, कुठे ओल दिसली, हे सारे त्या छिद्रासोबत बुजते. पुढे शेजारी तिथून थोड्या अंतरावर तोच खर्च पुन्हा करतो.

कुणी म्हणेल, उभे पीक जळत असताना शेतकऱ्याला नोंदवह्या कुठे सांगता? हे खरे आहे, म्हणून हा भार त्याच्यावर टाकू नये. बोअरच्या गाडीचे बिल फुटांवर होते, त्यामुळे खोली मोजली जातेच. दगडाचा भुगा आपोआप वर येतो. दर दहा फुटांना त्याची एक मूठ पिशवीत भरून खोली लिहिणे हे गाडीवाल्याचे काही मिनिटांचे काम आहे. दुसरा आक्षेप असा, की बेसॉल्टमध्ये चार पावलांवर पाणी बदलते, मग शेजारच्या नोंदीचा उपयोग काय? भेगा बदलतात हे खरे, पण लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असतात आणि दूरवर सलग जातात. एका गावातले पन्नास बोअर एकत्र मांडले, तर कोणता थर कुठवर जातो आणि कोणत्या खोलीनंतर पैसा वाया जातो, हे दिसू लागते.

2009 च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात विहिरींच्या आणि खोदाई यंत्रांच्या नोंदणीची तरतूद आहे. तिला थरांच्या नोंदीची जोड द्यावी. ग्रामपंचायतींनी बोअरचे ठिकाण, खोली, थर आणि पाणी असे चार रकाने असलेली वही ठेवावी आणि ती कुणालाही पाहू द्यावी. कोरड्या बोअरची नोंद त्यात सर्वांत आधी झाली पाहिजे, कारण तिची किंमत शेतकऱ्याने आधीच मोजलेली असते.